फाटकाचा दांडा आणि दोन चवळीखाऊ

थांबा!

रागावू नका, सवयीनं बोललो. समोर कोणी आलं की आडवं व्हायचं, हाच माझा धंदा. मी कोलोबुगूच्या विमानतळाच्या फाटकावरचा लोखंडी दांडा. वर जाणं आणि खाली येणं, जन्मभरात एवढ्या दोनच गोष्टी शिकलो. माणसांत यातली एकच येणारे पुष्कळ पाहिलेत, म्हणून मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. तुमच्या गाडीची तपासणी होईपर्यंत तुम्हाला इथे उभं राहायचंच आहे, तर माझी हकीकत ऐका.

माझ्या अंगावर रंगाचे इतके थर बसलेत, की आहे त्याहून मी बोटभर जाड दिसतो. उन्हानं पोपडे सुटतात. नखानं एक पोपडा उचललात तर खाली दुसरा रंग दिसेल, त्याखाली तिसरा. ज्याला या गावाची बखर वाचायची असेल त्यानं माझे पोपडे वाचावेत.

माझा जन्म इथला नाही. दूर बर्फाच्या मुलखात एका मोठ्या कारखान्यात मला ओढून लांब केलं. त्या देशाचं नाव सोविएत युनियन होतं. ते नाव आता नकाशावर नाही, मी अजून आहे. आफ्रिकेतल्या या माली देशाला तेव्हा फ्रेंचांकडून नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं. नव्या देशाला मित्र हवे होते आणि मित्रांना नवे देश हवे होते. मी मुळात नळ. नदीचं पाणी भाताच्या शेतांपर्यंत न्यायला मला आणि माझ्या शेकडो भावंडांना जहाजात घालून पाठवलं.

आम्ही गावात पोचतो न पोचतो तोच राजधानीत सरकार बदललं. नवे साहेब म्हणाले, त्या मित्रांशी आता आपलं बोलणं नाही. झालं! आम्ही जिथे उतरलो तिथेच पडून राहिलो. माझ्यातून पाण्याचा थेंब कधी गेला नाही. सरडे मात्र बरेच गेले.

वर्षानुवर्षं शेळ्यांनी माझ्यावर पाठ घासली आणि बायकांनी धुणं वाळत घातलं. लोखंड तापलेलं, त्यामुळे कपडे झटकन वाळत. खरं सांगायचं तर तेच माझे सगळ्यात उपयोगाचे दिवस होते. पुढे सैन्यानं गावाबाहेर छोटी धावपट्टी केली, तेव्हा कांते लोहारानं मला मापात कापलं, भोक पाडलं आणि फाटकाच्या खांबावर बसवलं. एका टोकाला ट्रकचं चाक, त्यात सिमेंट भरलेलं. चाकाचं वजन मला वर उचलतं, माणसानं फक्त दोर सोडायचा. पाठीशी वजन असलं की वर जायला कष्ट पडत नाहीत, हे मी पुढे मोठमोठ्या साहेबांच्या बाबतीतही पाहिलं.

माझा दोर ज्याच्या हातात असे तो झुमाना कोने. लांब हातापायांचा माणूस. सैनिक नव्हे, फाटकाचा नोकर. एका बाजूला कोळशाच्या शेगडीवर त्याच्या चहाची किटली सतत चढलेली. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही हे दुसरेच ठरवायचे, पण दोर हातात असल्यामुळे त्याला वाटायचं की आपणच ठरवतो. असं वाटणारी माणसं सुखी असतात.

आणि रोज सकाळी गाढवाच्या गाडीवर पाण्याची पिंपं घेऊन यायचा सिबिरी त्राओरे. आत आपल्या शिपायांच्या बराकीत नळ नव्हता, म्हणून तो विहिरीचं पाणी पुरवायचा. बुटका, गोल, आणि आवाज असा की गाडी दिसायच्या आधी शिव्या ऐकू यायच्या.

"काय रे गुलामा, उठलास का? मालक आलाय, दांडा वर कर!"

"कोण मालक? तुझ्या आजाला माझ्या आजानं टोपलीभर चवळी देऊन विकत घेतला होता. आणि घरी येईपर्यंत वाटेत त्यानं ती चवळीही खाऊन टाकली!"

"खाल्ली तर! उरलेली तुझ्या घरी पोचवली, लेका. आणि वास आला तर वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघ. कोनेंच्या घराकडचा आहे."

"गाढवा!"

"मला म्हणालास की याला?"

"त्याला कशाला म्हणू? तो बिचारा काम करतो."

मग दोघं पोट धरून हसायचे, झुमाना दोर सोडायचा आणि मी वर जायचो. हे रोज. सणाला, उपवासाला, तापानं फणफणले असतानाही.

कोने आणि त्राओरे यांच्यात थट्टेचं नातं आहे. ते कोणी जोडत नाही, आडनावाबरोबर जन्मालाच येतं. एकानं दुसऱ्याला चोर म्हणायचं, गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ तर म्हणायचंच म्हणायचं. दुसऱ्यानं ते सव्याज परत करायचं. नाकबूल करणं म्हणजे हार. चोर म्हटलं तर 'हो, आणि काल तुझंच घर फोडलं' असं म्हणायचं. जो रागावला तो हलका ठरला. मात्र या थट्टेला एक बंधन चिकटलेलं आहे. थट्टेच्या भावानं समोर येऊन काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. झुमाना आणि त्याचा धाकटा भाऊ एकदा बांधावरून कुदळी घेऊन एकमेकांवर धावले, तेव्हा गावानं ना मुखियाला बोलावलं ना पोलिसांना. सिबिरीला बोलावलं. तो म्हणाला, "दोघेही मरा, म्हणजे सगळी चवळी मला." भावांना हसू फुटलं. हसता हसता कुदळ उगारता येत नाही, हा साधा हिशेब आहे.

मग एका वर्षी उत्तरेकडून बंडखोर खाली सरकू लागले आणि त्यांना रोखायला फ्रेंच आले. म्हणजे परत आले. जुन्या घरमालकाला जसा कुठला खिळा कुठे आहे हे ठाऊक असतं, तसे ते न विचारता आत शिरले. पहिलं काम काय केलं असेल? मला रंगवलं. लाल-पांढरे पट्टे. दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला आलं की आधी त्याचं फाटक रंगवायचं, ही माणसांची रीत मी तेव्हा प्रथम पाहिली.

दुसऱ्या दिवशी सिबिरीनं लांबून आरोळी ठोकली, "गुलामा, तुझे नवे मालक आले म्हणे! त्यांना सांग, पगार माझ्या हातात द्या." पहाऱ्यावरच्या कोवळ्या फ्रेंच शिपायानं गडबडीनं बंदूक सरळ केली. त्यांचा दुभाषा गावचाच शाळामास्तर होता. त्यानं हसत हसत समजावून सांगितलं. शिपायाला पटलं नाही, पण बंदूक खाली गेली. पुढे पुढे त्यांचा एक जाडजूड स्वयंपाकी मुद्दाम सकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा, नाटकाला यावं तसा. थंडीच्या दिवसांत त्यानं आपली निळी लोकरी टोपी सिबिरीच्या डोक्यावर घातली. तिच्यावर त्यांच्या पलटणीचा बिल्ला शिवलेला होता. सिबिरीनं ती कडक उन्हाळ्यातही काढली नाही.

"अरे, टाळू शिजेल तुझी!" झुमाना म्हणायचा.

"टोपी काढली तर अक्कल उडून जाईल."

"असलेली वस्तू उडते, त्राओरे."

फ्रेंचांच्या मागोमाग थोडे अमेरिकन आले. एका कोपऱ्यात राहत, कोणाशी बोलत नसत. त्यांच्याकडे माणसाशिवाय उडणारं विमान होतं. त्यांनी माझ्यावर चमकणाऱ्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि शेजारच्या खांबावर कॅमेरा लावला. चिनी लोकांनी फाटकापर्यंत डांबरी रस्ता घातला. त्यांनी मला रंगवलं नाही, फक्त माझी लांबी मोजून गेले. बाजारात कोणी फुटबॉल वाटले, कोणी तेलाचे डबे, कोणी पाटी लावून हातपंप दिला. पाटी मोठी होती, पंप लहान. गावानं सगळं घेतलं. दाराशी आलेला पाहुणा रिकाम्या हातानं आला नसेल तर त्याला बसायला सांगायचं, ही इथली पद्धत.

मग राजधानीत लष्करानं सरकार उलथून टाकलं. फ्रेंच नकोत, रशियन हवेत, असे मोर्चे निघाले. बाजारातल्या वामारा शिंप्याचे दिवस फळफळले. आधी तो फ्रेंचांचे झेंडे शिवायचा: निळा, पांढरा, लाल. आता रशियाचे शिवायला आले, त्यातही तेच तीन रंग. वामारा म्हणाला, "देव गरिबाला सांभाळतो बघा. कापड बदलायला नको. उभं होतं ते आडवं शिवायचं, बस!"

फ्रेंचांच्या गाड्या माझ्याखालून गेल्या तेव्हा दोन्ही बाजूंना लोक ओरडत होते. काही दगडही आले, त्यातला एक मला लागला. शेवटच्या गाडीतून स्वयंपाक्यानं हात हलवला. सिबिरीनं निळी टोपी हवेत उंच केली आणि ओरडला, "चवळी शिकून जा रे, तिकडे उपाशी मराल!" अमेरिकनांनी तर कधी गाशा गुंडाळला ते गावाला कळलंही नाही.

त्यानंतर काही दिवस आत कोणी परदेशी नव्हतं. झुमाना मात्र वेळेवर यायचा. शेळी आली तरी मला वर करायचा, शेळी गेली की खाली. मला ते दिवस आवडले.

मग नवे आले. रशियन बोलायचे. गणवेशावर नाव नाही, बिल्ला नाही, तोंडावर फडकं. कोणत्या सैन्याचे असं विचारलं की आपला लेफ्टनंट देम्बेले म्हणायचा, "शिक्षक आहेत. शिकवायला आलेत." त्यांच्यातल्या एकानं माझ्या टोकाचा रंग सुरीनं खरवडला. खाली माझ्या जन्माच्या कारखान्याचा ठसा निघाला, त्याच्याच भाषेतला. त्यानं सोबत्यांना हाका मारल्या, माझ्या अंगावर थोपटलं. माहेरचं माणूस भेटल्यासारखं मला वाटावं, अशी त्याची अपेक्षा असावी. मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीही मला रंगवलं.

त्यांनी आपला दुभाषा बरोबरच आणला होता, दुसऱ्या देशातून. सिल्वेन त्याचं नाव, मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहराचा. माणूस सज्जन. रशियन येत होतं, फ्रेंच येत होतं, पण आमची बांबारा बोली येत नव्हती. त्यामुळे झुमाना त्याच्याशी फ्रेंचमधून बोलायचा. शब्द सगळे पोचायचे. थट्टेचं नातं वगैरे काही असतं, हे मात्र सिल्वेनच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी बाजारच्या रस्त्यावर सुरुंग फुटून नव्या लोकांची गाडी उडाली. दोघं जखमी झाले. फाटकावर चार जण बंदुका घेऊन उभे, सगळ्यांच्या भुवया चढलेल्या. तेवढ्यात सिबिरीची गाडी आली. डोक्यावर निळी टोपी, पिंपांवर गवताचा भारा.

शिपायानं हात आडवा केला. सिल्वेननं झुमानाला विचारलं, "या माणसाला ओळखतोस?"

झुमानाला एवढी सोन्यासारखी संधी कोण देणार? त्यानं चहाचा पेला खाली ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "याला? चांगला ओळखतो. जन्माचा चोर! रात्रभर कुठे उंडारतो, गवताखाली काय लपवतो, विचारा त्याला. बांधून ठेवा चांगला दोन दिवस. आणि चवळी मुळीच देऊ नका!"

सिल्वेननं एकेक वाक्य रशियनमध्ये केलं. शिपायांचे चेहरे पाहून त्यानं सिबिरीलाही फ्रेंचमधून विचारलं, "हा म्हणतो ते खरं आहे?"

आता सिबिरी मागे कसा हटणार? नाकबूल केलं म्हणजे हरला. छाती पुढे काढून तो म्हणाला, "खरं म्हणजे काय! सुरुंग मीच पुरला. सगळ्या डाकूंचा सरदार मी. आणि हा कोने माझा आचारी. पण स्वयंपाक इतका वाईट करतो की माझे निम्मे डाकू पळून गेले!"

दोघं खदाखदा हसले. सिल्वेन हसला नाही. त्यानं तेही रशियनमध्ये केलं, नीट, काही न गाळता.

दोघा शिपायांनी सिबिरीचे हात मागे पिरगाळले. तिसऱ्यानं निळी टोपी काढून तिच्यावरचा बिल्ला पाहिला आणि चौथ्याला दाखवला. झुमाना अजून हसत होता. त्यानं टाळ्या वाजवल्या. "वा रे वा! हे तर पहिल्याच खेपेला शिकले! फ्रेंचांना वर्ष लागलं होतं." एका शिपायानं त्याला मानेनं खूण केली, फाटक उघड. त्यानं हसतच दोर सोडला. मी वर गेलो. सिबिरीच्या डोक्यावर गोणपाट चढवलं, तेव्हा कुठे झुमानाचे हात टाळीच्या मध्येच थांबले.

गाढव गाडीसकट फाटकाबाहेर उभंच होतं. झुमानानं ते माझ्या खांबाला बांधलं.

मग तो धावत लेफ्टनंट देम्बेलेकडे गेला. लेफ्टनंट स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत आला, म्हणून मला पुढचं ऐकता आलं.

"साहेब, थट्टा होती हो ती! नुसती थट्टा!"

"मला सांगतोस? देम्बेले आणि त्राओरे एकाच कुळाचे, कोनेंचे थट्टेचे भाऊ. मला कळत नाही होय?"

"मग त्यांना सांगा ना."

"सांगितलं. त्यांचा साहेब म्हणतो, सुरुंगावर थट्टा करणारी माणसं कुठल्या देशात असतात? मी म्हटलं, या देशात. तो म्हणाला, मग आम्ही आलो ते बरंच झालं." लेफ्टनंटनं कपाळावरचा घाम पुसला. "आणि ती टोपी! त्यांना वाटतं फ्रेंच जाताना आपला माणूस मागे ठेवून गेले."

"थंडी होती म्हणून दिली होती टोपी. तो पाणी वाहतो, साहेब."

"मला माहीत आहे, झुमाना. पण फाटक आपलं असलं तरी आतल्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे आहे. मी आणखी बोललो तर उद्या मला विचारतील, तू कोणाचा?"

त्याला दोष देऊ नका. मी बऱ्याच लेफ्टनंटांना माझ्याखालून जाताना पाहिलंय. हा त्यातला बरा होता.

सिल्वेन संध्याकाळी सिगारेट ओढायला फाटकाशी येत असे. त्याची झोप उडाली होती. "रोज एकच विचारतात," तो झुमानाला म्हणाला. "तू कोणाचा माणूस? तो म्हणतो, त्राओरेंचा. मी तेच सांगतो. मग ते विचारतात, त्राओरे ही कोणती संघटना, तिचा म्होरक्या कोण? तो म्हणतो, माझी आई."

"आणि मग?"

 सिल्वेन सिगारेट अर्धीच टाकून आत गेला.

सिबिरीची बायको न्येले रोज येऊ लागली. झाकलेल्या भांड्यात 'तो', म्हणजे बाजरीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि भेंडीचं कालवण घेऊन फाटकासमोर बसायची. भांडं आत कोणी घेत नसे. एरवी झुमाना तिला "माझी बायको आली" म्हणून चिडवायचा आणि ती म्हणायची, "दात किडलेला नवरा नको गं बाई मला." आता झुमाना तिच्याकडे पाठ करून बसे. चहा उकळून उकळून काळा होई आणि तो ओतून देई.

एक दिवस तीच उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाठ काय दाखवतोस? मी भांडायला आले नाही."

"वहिनी, शिव्या घाल मला. खऱ्या घाल."

"त्यानं काय होईल? तुझ्या तोंडानं तो आत गेलाय, तुझ्याच तोंडानं बाहेर येईल. मी मुखियाकडे गेले, तो म्हणतो राजधानीला जा. राजधानीत माझं कोण आहे? आमच्या घरावर काही आलं की कोनेंकडे जायचं, एवढंच मला सासूनं शिकवलं. मी आलेय. आता तू बघ."

एवढं बोलून ती परत जागेवर जाऊन बसली. झुमानानं दोर हातात घेऊन त्याची गाठ चाचपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून गाड्यांचा ताफा निघाला. पुढे लेफ्टनंट देम्बेलेची जीप, मागे आपल्या शिपायांचा ट्रक, त्यामागे नव्या लोकांच्या गाड्या. झुमानानं दोर सोडला नाही. उलट आणखी एक गाठ मारली. मग डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि माझ्या खाली रस्त्यावर सरळ आडवा झाला. आता आम्ही दोघंही आडवे.

"ए देम्बेले!" तो आभाळाकडे तोंड करून ओरडला. "चोरा! चवळीखाऊ! कोनेंच्या गुलामा!"

फाटकाच्या नोकरानं अधिकाऱ्याला असं बोलावं, हे मी तेव्हा प्रथम ऐकलं. ट्रकमधले आपले शिपाई वाकून बघू लागले. त्यांना कळलं होतं. हा नोकर साहेबाला बोलत नव्हता, कोने देम्बेलेला बोलत होता.

"तुझ्या वाटेत कोने पडलाय. एक मागतोय. देतोस की अंगावरून जीप नेतोस?"

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. देम्बेले जीपमध्ये बसून होता. सगळा ट्रक त्याच्याकडे बघत होता. नाही म्हटलं असतं तर त्याला शिक्षा कोणीच केली नसती. फक्त पुढे आजोळी गेल्यावर कोणी त्याला पाणी विचारलं नसतं, आणि लेकीच्या लग्नात थट्टा करायला एकही कोने आला नसता. ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

तो उतरला. त्यानंही टोपी काढली.

"ऊठ रे गुलामा. कपडे मळवशील आणि धुवायला मला लावशील."

"माझा त्राओरे आणून दे."

"आणतो. ऊठ."

शिवी रीतसर होती. तो चालत मागच्या गाड्यांकडे गेला. तिथे काय झालं ते मला ऐकू आलं नाही. मी जागेवरून हलत नाही. हातवारे दिसले. पुढे सिल्वेननं झुमानाला सांगितलं, की लेफ्टनंट म्हणाला, तो माणूस सोडा नाहीतर त्याच्या जागी मला ठेवा. तो शत्रूचा निघाला तर मला गोळी घाला. त्यांच्या साहेबानं विचारलं, हा पाणीवाला तुझा कोण? देम्बेले म्हणाला, त्याच्यासाठी वाटेत पडलेला माणूस माझा मालक आहे. हे मात्र सिल्वेननं रशियनमध्ये केलं नाही. "नातेवाईक," एवढंच म्हणाला. तो शिकला होता.

ऊन कलल्यावर सिबिरी बाहेर आला. देम्बेलेची पुढच्याच आठवड्यात उत्तरेच्या वाळवंटातल्या चौकीवर बदली झाली. जाताना माझ्याखाली जीप थांबवून तो झुमानाला म्हणाला, "चवळी कमी खा." त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तर सिबिरी बाहेर आला. निळी टोपी नव्हती. गोल माणूस चपटा झाला होता, आणि डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. न्येलेनं धावत जाऊन त्याचा खांदा धरला. झुमानानं गाढवाला रोज चारा-पाणी केलं होतं, गाडी जुंपून तयार ठेवली होती. आणि शिवीही तयार ठेवली होती. दुपारपासून पुटपुटत होता, मी ऐकत होतो.

"आलास का रे, डाकूंच्या सरदारा! तुझ्या गाढवानं तुझ्यापेक्षा जास्त..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. सिबिरी थांबला होता. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली.

"संध्याकाळ सुखाची जावो, कोनेसाहेब. घरची मंडळी बरी आहेत ना? मुलंबाळं? धाकटा भाऊ? देव सगळ्यांना सुखी ठेवो."

परक्या माणसाला करतात तसा पुरा, गोड नमस्कार. एक अक्षर कमी नाही. झुमानाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. "बरी आहेत. देवाची कृपा. तुमच्या घरचे?" मग त्यानं दोर ओढून मला खाली घेतलं. कोणी आत-बाहेर करणार नव्हतं. तरी घेतलं.

तेव्हापासून असंच चाललं आहे. सिबिरी रोज पाणी आणतो. लांबून शिव्या ऐकू येत नाहीत, फक्त चाकांचा आवाज येतो. फाटकाशी उतरतो, अदबीनं विचारपूस करतो, आत जातो. नवे शिपाई त्याला ओळखू लागलेत. त्यांच्यातला एक तर सिल्वेनला म्हणाला, "हे दोन म्हातारे किती सभ्य आहेत!"

परवा झुमानाला राहवलं नाही. गाडी थांबताच त्यानं सिबिरीचा हात धरला. "एक शिवी दे रे. एकच. आजोबांवरून दे, आईवरून दे. मला माणसांत घे."

सिबिरीनं मान वर करून खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. अमेरिकन गेले तरी तो तिथेच आहे. आता त्यातून कोण बघतं कोणास ठाऊक. मग त्यानं आपली न मिटणारी बोटं झुमानाच्या हातावर ठेवली.

"इथे नको," तो म्हणाला, आणि गाढवाला हाक मारली.

इथे नको. म्हणजे दुसरीकडे कुठे चालेल का? मला ते कळायला मार्ग नाही. मी खांबाला जखडलेला. आणखी एक सैन्य येणार आहे म्हणे, की आहेत तेच जाणार आहेत, रोज नवी आवई उठते. येऊ देत. रंगाचा डबा आणतील, मला रंगवतील, मी बोटभर आणखी जाड होईन. धावपट्टी घ्या, सोन्याच्या खाणी घ्या, आभाळ घ्या, माझी कशालाच हरकत नाही, हरकत घेणं माझ्या हातात नाही. या देशात माझ्यासारखे आडवे दांडे गावोगाव आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून दोन माणसांना एकमेकांना मोकळ्या मनानं चोर म्हणता यावं, एवढंच माझं मागणं आहे. ते कोणत्या राजधानीत करायचं, मला माहीत नाही.

झाली वाटतं तुमची तपासणी. बाजाराकडेच चाललात ना? वामारा शिंप्याच्या दुकानामागे आंब्याचं झाड आहे, तिथे दुपारी म्हातारे चहाला बसतात. तिकडे कॅमेरा नाही. एक लांब हातापायांचा आणि एक बुटका शेजारी शेजारी बसलेले दिसले, तर गाडी जरा हळू करा आणि कान द्या. शिव्या ऐकू आल्या तर परत जाताना मला सांगून जा.

नाही आल्या, तरी या वाटेनंच या. मी वर होऊन तुम्हाला जाऊ देईन, काही विचारणार नाही.